पायताण घालून बसीन

"ही चांभारीण वाटतच नाही," सरदारांचे कारभारी म्हणाले. माझ्याशी न्हाय, साहेबाशी. बघत व्हते माझ्या लुगड्याकडं.

मी सरदारांच्या बंगल्याच्या मागच्या अंगणात उभी व्हते. कोल्हापुरातच, रंकाळ्याच्या अंगाला. विलायतेचा एक साहेब आलावता, चित्रं काढणारा. त्याला पुस्तक करायचं व्हतं. त्यात आधी राजेरजवाडे, सरदार, जहागीरदार. मागनं आम्ही. कोष्टी, तेली, न्हावी, महार, चांभार. एकेका जातीचं एक मानूस. कारभारी त्याला नमुना म्हणायचे. चांभाराचा नमुना आला का, असं विचारायचे.

तर तो नमुना मी.

माझा सासरा सरदारांच्या घरचं पायताण करायचा. मामंजींनीच निरोप आणला, "सायेब चित्र काढनार हाय तुजं. चांगलं नेसून चल." मला रातभर झोप न्हाय. सकाळी लग्नातलं हिरवं लुगडं काढलं. शेजारणीची नथ मागून आणली. मामंजींनी माझ्या मापाचं केलेलं पायताण घातलं. त्याची कातड्याची वेणी मी सोता घातलेली. फाटकापाशी मात्र ते काढून हातात धरलं. तशी रीतच व्हती. बंगल्याच्या आवारात आमच्या पायात पायताण दिसायचं न्हाय. करायचं आम्ही, घालायचं त्यांनी.

पुढच्या सोप्यात सरदारांचं चित्र सुकत ठेवलंवतं. जाताजाता बघितलं. गळ्यात मोत्यांचा कंठा. तो त्यांनी मेव्हण्याकडनं आणलावता, साऱ्या गल्लीला ठाव. पायात आमच्या घरचं पायताण. साहेबानं वेणीचा पेड न् पेड काढलावता. लई बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू. मागून आणलेला कंठा घातला म्हणून त्यास्नी कोण म्हटलं न्हाय, तुमी सरदार वाटत न्हाईसा.

मला म्हटलं.

"नथ काढ. फाटकं लुगडं द्या तिला." मोलकरणीनं एक चिंधी आणून टाकली. मी घोड्याच्या पागेत जाऊन नेसले. मग मला भुईवर बसवलं आणि मांडीवर कच्चं कातडं टाकलं. वल्लं, घाण मारणारं. माशा घोंगावत व्हत्या.

मी म्हटलं, "हे आमचं काम न्हवं. कातडं ढोर जातीची मानसं कमावत्यात. मी वेण्या घालते."

"एकच ते सगळं," कारभारी म्हणाले.

बसले. पाठीला रग लागली तरी बसले. साहेब कागदाकडं बघायचा, माझ्याकडं बघायचा. बैल घेताना बघत्यात तसं. मग तो इंग्रजीत कायतरी बोलला. कारभारी माझ्याकडं वळले.

"चोळी काढ."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"साहेबांना तसं हवंय. चोळी काढ."

"आमच्यात बायका चोळी घालत्यात," मी म्हटलं.

"चित्रात घालत नाहीत."

मी मामंजींकडं बघितलं. ते भिंतीला लागून हात जोडून उभे. भुईकडं बघत म्हणाले, "काढ पोरी. काम जाईल."

कारभाऱ्याचा राग आलाच. पण त्या जोडलेल्या हातांनी माझं काळीज फाटलं. त्याच हातांनी माझं पायताण शिवलेलं. कातडं बाजूला सारलं आणि उठले. कागदापाशी गेले. चित्रात चिंध्या रंगवून झाल्यावत्या. कातडं झालंवतं. हातबी. तोंडाच्या जागी नुसता गोल.

"ह्याच्या खाली काय लिवनार?"

"चांभारीण."

"आणि सरदारांच्या खाली?"

कारभारी हसले. "त्यांचं नाव, किताब. सगळं."

"मग माझंबी नाव लिवा."

"तुझं नाव कशाला? तुझ्यासारख्या शंभर आहेत."

"मग त्यातली दुसरी बघा."

माझं हिरवं लुगडं काखेत मारलं, नथ मुठीत धरली. पायताण घातलं. तिथंच, त्या अंगणात. मागच्या दारानं न्हाय गेले. पुढनं गेले, सरदार पान खात बसलेवते त्यांच्या म्होरनं. कोल्हापुरी पायताण करकरतं. ते लपवता येत न्हाय. फाटकापातूर करकर थांबली न्हाय. मागनं कारभारी काय ओरडत व्हते, कळलं न्हाय.

बंगल्याचं काम गेलं. मामंजी बोलायचे बंद झाले. कोल्हापूरचे महाराज आमच्या पोरांसाठी शाळा काढत्यात, असं कानावर यायचं. पर त्या फाटकाच्या आत कारभारीच महाराज. चूल कधी पेटायची, कधी न्हाय. मला भ्या वाटायचं. रडायचीबी.

मग एक दिवस बंगल्याचा मानूस दारात आला. "चित्र अर्धं राहिलंय. साहेब जायच्या आत चल. म्हाताऱ्याचं काम परत सुरू व्हईल."

मामंजी वेणी हातात धरून थांबले. कितीक दिवसांनी त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं.

मी म्हटलं, "सांगा त्यास्नी. येते. चोळी घालून बसीन. पायताण घालून बसीन. खाली माझं नाव लिवायचं. जमत नसंल तर त्या गोलात कारभाऱ्यांनी आपलंच तोंड काढून घ्यावं."

तो गेला. काम परत आलं न्हाय. मी पायताण करते. घालते. आणि कुणाच्याबी फाटकापाशी काढत न्हाय.