मेश्रामची पंगत

सोमवारी सकाळी सुषमा मेश्राम आम्हाला खुर्च्या बदलायला लावत असे. ऑफिसात शिरून डबा कुठे ठेवावा याचा विचार चाललेला असायचा, तेवढ्यात ती दारात उभी राहून जाहीर करायची, की जोशी आज खिडकीपाशी, काकू जोशींच्या जागेवर आणि कुलकर्णी माठाशेजारी. नोकरीत माणसाची बदली होते हे मला माहीत होतं. पण एकाच खोलीत, दर आठवड्याला आणि तीही बढतीशिवाय बदली होते, हे मला मेश्राममुळे कळलं.

यातली काकू म्हणजे मी. शनिवार पेठेत भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आपटे साहेबांचं ऑफिस होतं, तिथे मी मराठी टायपिंग करत असे. परदेशी कंपन्या नुकत्याच देशात यायला लागल्या होत्या. त्यांचे मिक्सर, कपडे धुण्याची यंत्रं, फवारणीचे पंप इथे विकायचे म्हणजे सोबत मराठी माहितीपत्रक हवं, आणि ते आम्ही करून द्यायचो. मिक्सर चालू असताना आत चमचा घालू नये, पंप पाठीवर असताना बिडी ओढू नये, असल्या थोर विचारांचा प्रसार आम्ही महाराष्ट्रभर केला. माझ्या यजमानांनी कंपनी आचके देऊ लागल्यावर स्वेच्छानिवृत्ती घेतली होती, मुलगा लोणी काळभोरला इंजिनिअरिंग शिकत होता. त्यामुळे मला या विचारांचा प्रसार करत राहणं भाग होतं.

मेश्राम यायच्या आधी आमच्या सात संगणकांतला प्रत्येक म्हणजे एकेक संस्थान होतं. कागद एकीकडून दुसरीकडे न्यायचा तर फ्लॉपी घेऊन चालत जायचं. बरं, गेलं तरी उपयोग नाही, कारण प्रत्येकाचा मराठी फाँट वेगळा. कुलकर्णींनी लिहिलेलं ‘विजेचा धक्का’ माझ्या पडद्यावर मुंग्या चिरडल्यासारखं दिसायचं. एकदा जोशींना कावीळ झाली, तर त्यांच्याबरोबर वॉशिंग मशीनचं अख्खं पत्रक पंधरवडाभर आजारी पडलं. आणि एकाच पत्रकाच्या नावं बदललेल्या प्रती तर विचारूच नका. ‘फायनल’, ‘नवी फायनल’, ‘फायनल जोशी’, ‘हीच फायनल’. शेवटी व्हायचं ते झालं. पंपाच्या पत्रकाची चुकीची प्रत छापखान्यात गेली आणि शेतकऱ्यांच्या हातात जे पत्रक पडलं, त्यात तिसऱ्या कलमाखाली जोशींनी स्वतःसाठी लिहिलेलं वाक्य होतं, ‘इथे मूळ इंग्रजीत काय म्हणायचंय ते देव जाणे.’

त्यानंतर आपटे साहेबांनी मेश्रामला आणलं. नागपूरची मुलगी, तिशीही न गाठलेली, संगणकाचं रीतसर शिक्षण घेतलेली, वारज्यात मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी. पहिल्याच दिवशी ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काकू, जरा उठता का जी? तुमचा संगणक पाहायचा आहे."

"मी तुमची काकू नाही," मी म्हटलं. "माझं आडनाव इनामदार आहे."

"बरं," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. तिला राग आला नाही याचा मला राग आला. आठवड्याभरात तिने सगळ्यांना आपापलं नाव देऊन ठेवलं, संगणक चालू केला की आधी ते नाव टाइप करायचं. जोशींचं नाव जोशी, कुलकर्णींचं कुलकर्णी. माझं नाव तिने ‘काकू’ टाकून ठेवलं होतं. बदलून द्या म्हटलं तर म्हणे, "आता पूर्ण यंत्रणेत बसलं जी ते. राहू द्या." म्हणजे रोज सकाळी मी स्वतःच्या हाताने स्वतःला काकू म्हणायचं, तेव्हा कुठे कामाला सुरुवात.

तिने केलं ते असं. कोपऱ्यात एक मोठा संगणक ठेवला. सगळी पत्रकं त्याच्यात, प्रत्येकाची एकच प्रत, ज्याला हवी त्याने आपल्या जागेवरून उघडावी. या सामायिक कपाटाला तिने ‘पंगत’ असं नाव दिलं. फाँटही तिथेच. सकाळी आमचे संगणक चालू झाले की ते आधी कोपऱ्यातल्या मोठ्याला विचारायचे, आज काय आणि कसं, आणि तो सांगेल तसे वागायचे. घरात एवढं कोणी माझं ऐकलं असतं तर मी टायपिंग कशाला केलं असतं. एका जागी सुधारणा केली की सातही ठिकाणी व्हायची. जोशींना हे अजिबात मानवलं नाही. त्यांनी पंगतीत स्वतःचा एक कप्पा करून त्याला नाव दिलं, ‘हात लावू नये’. दुसऱ्या दिवशी कुलकर्णींनी शेजारी कप्पा उघडला, ‘लावायची इच्छाही नाही’. आठवड्याभरात तिथे पत्रकं कमी आणि पाट्याच जास्त झाल्या. मेश्रामने त्या सगळ्या काढून टाकल्या. जोशी तावातावाने म्हणाले, माझ्या संगणकावर मी काय वाटेल ते करीन.

"संगणक कोणाचाच नसते जी," ती म्हणाली. "काम तुमचं असते."

हे तिचं ठरलेलं वाक्य. सोमवारच्या खुर्च्याही त्याच्यासाठीच होत्या. कोणीही कुठेही बसला तरी काम अडता कामा नये, आणि कुठे अडतं ते सोमवारीच कळलेलं बरं. तिचं दुसरं वाक्य होतं, "आधी माझ्या ताटात, मग पंगतीत." कुठलाही बदल करायचा तर ती तो आधी फक्त स्वतःच्या संगणकावर करायची, दिवसभर त्याच्यावर काम करून बघायची, जुनं सगळं बाजूला जपून ठेवायची आणि मगच सातही जणांना वाढायची. पंगतीत मीठ जास्त पडलं तर एकाच्या नाही, सगळ्यांच्या पानात पडतं, असं तिचं म्हणणं. मला हे पटायचं. तोंडावर मी कधी म्हटलं नाही, ती गोष्ट वेगळी.

माझं दुखणं होतं कीबोर्डचं. मी टाइपरायटरवर शिकलेली. मराठी टायपिंगची मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा पास. कुठलं अक्षर कुठे आहे हे माझ्या डोक्याला ठाऊक नाही, बोटांना ठाऊक आहे. बाकीचे सगळे फोनेटिकवाले, म्हणजे इंग्रजी के दाबला की क उमटतो, एम दाबला की म. त्यामुळे सोमवारी मी दुसऱ्याच्या जागेवर बसले की बोटं आपली वाट चालायची आणि पडद्यावर भलतंच उमटायचं. पहिल्या दोन सोमवारी मी कुरकुरले, तिसऱ्या सोमवारी जागेवरून उठलेच नाही.

दुपारी डबा खाऊन झाल्यावर मेश्राम स्टूल ओढून माझ्या शेजारी बसली. माझी बोटं बघत राहिली. शेवटी म्हणाली, "काकू, तुम्ही खाली पाहतच नाही."

"खाली बघायला ते काय पान वाढलेलं आहे?"

ती हसली. मग उठून तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेली. केबिनची भिंत प्लायवुडची, त्यामुळे ऑफिसात गुपित असं काही नव्हतं. ती म्हणत होती की काकूंची पद्धत त्यांच्या नावाला जोडून देते, त्या जिथे बसतील तिथे त्यांचा कीबोर्ड त्यांच्यामागे येईल, फक्त चार दिवस द्या. साहेब म्हणाले, एका माणसासाठी चार दिवस? तुम्हीच सांगता ना, सगळ्यांना एकच? मग हा पंक्तिप्रपंच कशाला?

"दात नसलेल्या म्हाताऱ्याला भात मऊ करून वाढला, तर त्याले पंक्तिप्रपंच नाही म्हणत जी," मेश्राम म्हणाली.

माझे तेव्हा बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते. पण यानंतर साहेब जे म्हणाले, त्यापुढे दातांचं काही वाटेना. दिवाळीपासून सगळे संगणक फोनेटिक. ज्यांना जमणार नाही त्यांचं आपण बघू. पुण्यात ‘आपण बघू’ याचा अर्थ काय होतो ते मी तुम्हाला सांगायला नको. घरी मी कागदावर फोनेटिकचा कीबोर्ड काढून जेवणाच्या टेबलावर बोटं आपटू लागले. यजमान म्हणाले, तबला शिकतेयस का? मला रडूच आलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी बोटांना नवी वाट शिकवायची म्हणजे पहिलीच्या वर्गात जाऊन बसणं. माझी गती बैलगाडीवर आली होती.

दसऱ्याला मेश्राम दरवर्षी नागपूरला जायची. घरातले सगळे दीक्षाभूमीवर जातात, मीही जाते, असं तिने नोकरी धरतानाच साहेबांना सांगून ठेवलं होतं. निघताना तिने दोन सूचना दिल्या. खंडेनवमीला संगणकांची पूजा खुशाल करा, पण पाणी शिंपडू नका. आणि कीबोर्डचा बदल मी आल्यावर माझ्या ताटात घेऊन पाहते, तोवर कोपऱ्यातल्या संगणकाला हात लावू नका.

पाणी कोणी शिंपडलं नाही. खंडेनवमीला सकाळी मॉनिटरना गंध लागलं, माउसवर झेंडू चढले, कुलकर्णींनी आरती म्हटली. आणि साहेबांना मुहूर्त आठवला. एवढा चांगला दिवस, आजच नव्या पद्धतीचा श्रीगणेशा करून टाकू. मेश्रामने कधीतरी त्यांना कुठे काय असतं ते दाखवलं होतं. मोठ्या संगणकाला हळद-कुंकू वाहून त्यांनी कीबोर्डच्या यादीतून एक पद्धत निवडली, नारळ फोडला आणि म्हणाले, सगळ्यांनी संगणक बंद करून चालू करा.

सगळ्यांनी केले. मग जोशी म्हणाले, माझा क कुठे गेला? कुलकर्णींचाही गेला होता. सगळ्यांचाच गेला होता. मी जीव मुठीत धरून एक ओळ टाइप केली. एकही अक्षर चुकलं नाही. साहेबांनी मुहूर्ताच्या घाईत फोनेटिकच्या वरची ओळ निवडली होती. सातच्या सात संगणक टाइपरायटरच्या पद्धतीने चालायला लागले होते आणि अख्ख्या ऑफिसात ते चालवता येणारं माणूस एकच होतं.

त्यात संध्याकाळी फवारणी पंपाचं नवं पत्रक छापखान्यात द्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी दसरा, छापखाना बंद. आणि ही तीच कंपनी, जिच्या शेतकऱ्यांना आम्ही देवावर सोपवलं होतं. या वेळी चुकलं तर ती पुन्हा आमच्या जिन्यावर पाऊल ठेवणार नव्हती. साहेबांनी मेश्रामच्या घराशेजारच्या दुकानात फोन लावला. तिला बोलावून आणेपर्यंत त्यांचा चेहरा नारळासारखा झाला होता. त्यांनी झालं ते सगळं सांगितलं. पलीकडे ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण साहेबांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो, त्या करतायत."

फोन ठेवून ते माझ्याजवळ आले. मेश्राम म्हणाली होती की जुनं सगळं जपून ठेवलेलं आहे, पाच मिनिटांत पहिल्यासारखं होईल, कसं करायचं ते मी आत्ता सांगते. पण काकू टाइप करून राहिल्या असतील तर काऊन घाई करता? घाईत आणखी काही बिघडेल. पत्रक जाऊ द्या, मग लावा फोन.

त्या दिवशी जोशींनी वाचून दाखवलं, कुलकर्णींनी पानं जुळवली, साहेबांनी स्वतः मला चहा आणून दिला, आणि मी टाइप केलं. पत्रक वेळेवर गेलं. बिडीचं कलम मी ठळक केलं. संध्याकाळी साहेब पुन्हा फोनला बसले, आणि पाच मिनिटांत सगळ्यांचे क घरी परत आले.

नागपूरहून आल्यावर मेश्रामला साहेबांनी न मागता चार दिवस दिले. पुढच्या सोमवारी तिने मला जोशींच्या जागेवर बसवलं. मी ‘काकू’ टाइप केलं आणि सगळा कीबोर्ड माझा झाला. मग कुलकर्णींच्या जागेवर, मग खिडकीपाशी. सगळीकडे तेच. मी उठले की त्यांचं त्यांना परत. मी तिला म्हटलं, अहो, मुद्दामच म्हणालात ना फोनवर, पत्रक जाऊ द्या म्हणून? ती म्हणाली, "मी तर दुकानात उभी होती जी. मले काय दिसत होतं?" त्या दिवसापासून मी तिला अगं म्हणायला लागले.

पाचेक वर्षांनी तिला मोठ्या कंपनीत नोकरी लागली. जायच्या आधीच्या सोमवारी तिने मला स्वतःच्या खुर्चीत बसवलं, कोपऱ्यात. आणि नव्या माणसाला समोर उभं करून एवढंच सांगितलं, की खुर्च्या बदलत राहा. ती जिना उतरून गेल्यावर मला जेवण गेलं नाही. सांगून टाकते, लेक सासरी गेल्यासारखं वाटलं.

मी निवृत्त झाले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ऑफिस वारज्याला गेलं. मध्यंतरी तिथून एका मुलाचा फोन आला, फार अदबीने बोलत होता. मॅडम, आम्ही जुनी नावं साफ करतोय, ‘काकू’ नावाचं एक आहे, ते तुमचं आहे म्हणतात, वर्षानुवर्षं कोणी वापरलेलं नाही, काढून टाकलं तर चालेल ना? मी म्हटलं, विचारून सांगते. कोणाला विचारणार, हे तो विचारायच्या आत मी फोन ठेवला.

मेश्राम आता बंगळुरूला असते. तिच्या हाताखाली किती संगणक आहेत ते तिलाही सांगता येत नाही. तिला फोन करून सगळं सांगितलं. मी तर म्हणणार होते की जाऊ दे, मी काय आता टायपिंगला जाणार आहे.

"काऊन काढायचं?" ती म्हणाली. "पंगतीत एक ताट जास्तीचं राहू द्या ना जी."

मी लगेच ऑफिसात फोन लावला. तो मुलगा जागेवर नव्हता, दुसऱ्याच कोणीतरी उचलला. मी म्हटलं, ते नाव काढायचं नाही असा निरोप द्या त्यांना. त्याने विचारलं, कोण बोलतंय म्हणून सांगू?

"काकू," मी म्हटलं.