आमच्या फ्रीजरमधली पिशवी

इथे परदेशात, लोअर हट शहरात, आमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहतात. कुंपणापलीकडून रोज "किया ओरा" असा इथला नमस्कार करतात आणि पुढे फक्त हवेबद्दल बोलतात. त्यांची बायको गेली, त्या दिवशीही "वारा फार आहे आज" एवढंच म्हणाले.

त्याच आठवड्यात त्यांचा फ्रीजर बंद पडला. एक पिशवी छातीशी धरून ते दारात आले. बायकोने करून ठेवलेली यॉर्कशायर पुडिंगं होती. पुडिंग म्हणजे गोडच, असं मी धरून चालले होते. निघाल्या मैद्या-अंड्याच्या पोकळ, अळणी वाट्या, ग्रेव्हीबरोबर खायच्या.

"ती करायची, मी गरम करायचो," ते म्हणाले. "ओव्हनमध्ये पाच मिनिटं. मायक्रोवेव्ह नको हं, पायातली रबरी जॅंडल चावल्यासारखं लागतं."

नवा फ्रीजर आला, तरी त्यांनी पिशवी नेली नाही. "तुमच्याकडेच असू दे. माझ्याकडे एका दिवसात संपेल." मग दर रविवारी बाराला येऊन एकच न्यायचे. चहा विचारला तर "ओव्हन तापलाय" म्हणत निघायचे.

गेल्या रविवारी शेवटचं उरलं होतं. त्यांनी ते हातात घेतलं, अंगठ्याने वरचा बर्फ पुसला आणि परत आमच्या खोवलेल्या नारळाशेजारी ठेवून दिलं. "आज भूक नाही."

या रविवारी पुन्हा बाराला बेल वाजली.

"आहे ना?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"आहे."

"वारा फार आहे आज," ते म्हणाले आणि वळले.

बाहेर झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं.