अण्णांचं मॅटर

अहमदपूरच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली, तेव्हा अण्णांनी खिडकीतून माझ्या हातात एका लग्नपत्रिकेचं प्रूफ दिलं. "वाटेत मॅटर बघून घे सुमी, चुका फोनवर सांग," म्हणाले. पोरगी नोकरीसाठी गाव सोडून चालली, त्यावर त्यांचं बोलणं एवढंच. आमची छोटीशी प्रिंटिंग प्रेस होती. आमच्याकडं मॅटर म्हणजे छापायचा मजकूर, आणि तो तपासायचं काम शाळेपासून माझ्याकडं.

पुण्यात मी एका जाहिरात कंपनीत लागले. तिथं मजकुराला कंटेंट म्हणतात. अण्णा मात्र व्हॉट्सअॅपवर पत्रिकांचे फोटो पाठवत राहिले, खाली न चुकता 'अर्जंट' लिहून. सुरुवातीला मी जेवणाचा डबा बाजूला सारून वाचायची. पुढं पुढं कंटाळा यायला लागला. गावाबाहेर पडलेल्यांना हे कळेल. मागं राहिलेल्यांना काय सांगू?

एव्हाना गावाकडची पोरं भांडणाला, पोलीस केसला, आजारपणाला, सगळ्यालाच मॅटर म्हणू लागली होती. मला ते ठाऊक होतं. पण अण्णा आणि मॅटर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं कागदच यायचा.

त्या दिवशी अकराच्या सुमारास धाकट्या भावाचा, दत्ताचा फोन आला. माझ्यासमोर क्लायंट बसला होता.

"ताई, अण्णांचं मॅटर लई अर्जंट हाय."

"पाठव. दुपारनंतर बघते."

"अगं न्हाई, ऐक तर..."

मी फोन कापला आणि सायलेंटवर टाकला.

दीडला मीटिंग संपली, तर नऊ मिस्ड कॉल. अण्णांच्या छातीत कळ आली म्हणून दत्ता त्यांना जीपमध्ये घालून लातूरला निघाला होता. चाकूरच्या पुढं सगळं संपलं.

तेरावं झाल्यावर मी दत्ताला विचारलं, अण्णा वाटेत काही बोलले का? तो म्हणाला, "सुमीला कळवलं का, काय म्हणली, असं इचारले. मी सांगितलं, दुपारनंतर बघते म्हणली."

"मग?"

"बरं म्हणले."

ताई निघाली, एवढं खोटं तुला बोलता आलं नाही का, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण कुठल्या तोंडानं विचारणार होते?

प्रेस आता बंद आहे. मी पुण्यातच आहे. आई माझ्या फोनवर येत नाही. कामात आहे, असं दत्ता सांगतो. तो फोन करतो तेव्हा माझं 'हॅलो' पुरं व्हायच्या आत म्हणतो, "सगळं बरं हाय ताई, घाबरू नको." घर म्हणून माझ्याकडं आता एवढंच वाक्य उरलंय. तेही तो माझी कीव येऊन बोलतो, हे मला कळतं.