पान चारवरची ओळ

आमच्या छापखान्यातल्या मुद्रितशोधकाला सगळे समोर अण्णा म्हणायचे आणि पाठीमागे तराजू. मशीनचा आवाज चालू असला की समोरसुद्धा. कुठल्याही भांडणात अण्णा दोन्ही बाजूंचं थोडंथोडं खरं काढून देत. पंखा लावावा की बंद करावा यावरून दोघं भांडले, तर अण्णा म्हणणार, "दोघांचंही बरोबर आहे, एकावर ठेवा." मग पंखा एकावर फिरायचा, एकाला उकडायचं आणि दुसऱ्याचे कागद उडायचे.

मी तिथे मशीन चालवतो. तीस वर्षं अण्णांच्या हाताखालून आलेला मजकूर छापला, एक चूक कुणी दाखवली नाही. एक बोट ओळीखाली, ओठ हलताहेत, आणि प्रत्येक पान तीन वेळा, असं त्यांचं वाचन. पण वाचून झाल्यावर त्यात काय लिहिलंय ते विचारलंत, तर सांगता यायचं नाही. "मी अक्षरं तपासतो, गोष्टी नाही," असं म्हणायचे, आणि तेही छाती काढून. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

वहिनी गेल्यावर अण्णा घरी एकटेच होते. पण रोज दुपारी साडेबाराला नदीपलीकडून अकरा नंबरची बस यायची आणि तिच्यातून त्यांची थोरली बहीण डबा घेऊन उतरायची. ताईंचं वय पंचाहत्तर, गुडघे नव्वदचे आणि जीभ पंचविशीतली. छापखान्यातल्या टेबलावरचे कागद बाजूला सारून दोघं जेवायची आणि जेवता जेवता पोटभर भांडायची. सात वर्षांत हा नेम चुकला नव्हता. बारा वाजले की अण्णा घड्याळाकडे बघायला लागायचे आणि कुणी पाहिलं की चष्मा पुसायचे.

निवडणूक आली, तेव्हा एका पक्षाचं पत्रक आमच्याकडे छापायला आलं. रस्ते नवे करू, दिवे लावू, पालिकेचा खर्च आटोक्यात आणू, अशी आठ पानं. पान चारवर ठसठशीत लिहिलं होतं की ज्या बसला एका फेरीत सरासरी वीस प्रवासी मिळत नाहीत, ती बंद करू. खाली अशा बसची यादी. अकरा नंबर तिसरी. अण्णांनी ते पान तीन वेळा तपासलं, सही केली आणि माझ्याकडे दिलं.

छापताना ते माझ्या नजरेला आलं. दुपारी मी पत्रक ताईंपुढे ठेवलं.

"अरे, ही तर माझी बस," ताई म्हणाल्या.

अण्णा हसले. "ताई, निवडणुकीत असं म्हणायचं असतं. निवडून आले की सगळे मध्यावर येतात."

"छापलंय की रे."

"मी जन्मभर छापलेलंच वाचतोय. रस्ते करतील, बाकीचं विसरून जातील. तू भाजी वाढ."

तो पक्ष निवडून आला. म्हटल्याप्रमाणे त्यांनी आमच्या गल्लीपासून पुलापर्यंत रस्ता गुळगुळीत केला. आणि मग, म्हटल्याप्रमाणेच, त्यावरून जाणारी अकरा नंबर बंद केली.

त्या दिवशी अण्णा साडेबाराला थांब्यावर जाऊन उभे राहिले. बस येणार नाही हे त्यांना माहीत होतं, तरी राहिले. एक वाजता परत आले, "आज काम फार आहे," म्हणाले आणि उपाशीच बसले. संध्याकाळी ताईंशी फोनवर बोलले, पण फोनवर कसलं भांडण होणार? दोन्हीकडून नुसतं "तू जेवलास का", "तू जेवलीस का". मला फार वाईट वाटलं.

गल्ली मात्र पेटली होती. फसवलं, दगा दिला, असं सलूनवाला प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मानेला वस्तरा लावून सांगत होता, त्यामुळे सगळ्यांना ते पटत होतं. अण्णाही मान डोलवायचे, पण डोळे चुकवून. चोराच्या मनात चांदणं. एकदा मशीनपाशी येऊन हळूच म्हणाले, "मीही त्यांनाच मत दिलं होतं रे. ताईला बोलू नकोस. तिची बस मीच बंद केली असं होईल."

मी नाही बोललो.

रविवारी सकाळी त्याच पक्षाच्या नगरसेविकेने शाळेच्या सभागृहात सभा घेतली. ताई शेजाऱ्याच्या गाडीतून आल्या आणि पुढच्या रांगेत बसल्या. तासभर नुसतं फसवलं, फसवलं चाललं होतं. शेवटी त्या बाईंनी पिशवीतून पत्रक काढलं, पान चार मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "मी हे लपवलं कुठे? घरोघर वाटलं होतं."

सलूनवाला पुटपुटला, "बारीक अक्षरात असेल."

"अक्षर बारीक नाही," मागून आवाज आला. अण्णा उभे होते. "मी तपासलंय. तीन वेळा."

सगळ्या माना वळल्या. अण्णांनी ताईंकडे अजिबात पाहिलं नाही.

"यांनी आपल्याला फसवलेलं नाही," ते म्हणाले. "बाई, तुम्ही जे म्हणालात ते केलंत. तुम्ही ते करणार नाही या भरवशावर मी तुम्हाला मत दिलं. ही माझी चूक. पण ती बस मला हवी आहे."

तराजू एका बाजूला झुकलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला आणि, खरं सांगतो, मला आनंदाने टाळी वाजवावीशी वाटली. नगरसेविका म्हणाल्या, "आजवर चाळीस पत्रं आली. सगळ्यांत फसवलं एवढंच. मी पान चार दाखवते आणि विषय मिटतो. तुम्ही आता बोललात तसं लिहून द्या. म्हणजे मला ते बैठकीत मांडावं लागेल आणि पुढच्या निवडणुकीची भीतीही बाळगावी लागेल." लोक मोकळेपणाने हसले. बस पुढे परत आली, दिवसातून दोनच फेऱ्या, पण त्यातली एक साडेबाराची. हे आत्ताच सांगून टाकतो, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. कारण अण्णांचा जीव तेव्हा भलत्याच गोष्टीला टांगलेला होता.

सभेपासून ताई एक शब्द बोलल्या नव्हत्या. छापखाना उघडून आम्ही तिघं बसलो. त्यांनी डबा उघडला, वाढलं. अण्णा भात नुसता चिवडत बसले. शेवटी हात धुऊन त्यांनी कागद घेतला आणि पत्र लिहिलं. पहिलीच ओळ होती, "आम्ही हे पत्रक वाचलं होतं आणि तरीही मत दिलं."

ताईंनी कागद ओढला आणि पेन उचललं.

"तू नको," अण्णा खाली बघत म्हणाले. "खोटी सही होईल. तू कुठे त्यांना मत दिलंस?"

"दिलं होतं," ताई सही करत म्हणाल्या.

"तू? तुझीच बस आणि तू?"

"तू म्हणालास ना, करणार नाहीत म्हणून. म्हटलं, हा प्रत्येक गोष्ट तीनदा वाचतो, याला कळत असेल. इतके दिवस बोलले नाही. तुला लागलं असतं."

ताईंना आधी हसू फुटलं, मग अण्णांना, आणि दोघं टेबलाला धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"म्हणजे माझी दोन मतं झाली की," चष्मा काढून डोळे पुसत अण्णा म्हणाले.

"तीन," मी म्हणालो आणि ताईंकडून पेन मागून घेतलं.