गुडघ्याची पायरी

आमच्या जुन्या जीपला मी मोठी चाकं बसवली आणि ती बॉडीला घासायला लागली. म्हणून एका रविवारी दिंडोरी रोडवरच्या घराच्या अंगणातच बॉडी उचलायला घेतली. बोल्ट सोडायचे, जॅकनं बॉडी वर घ्यायची आणि चॅसीवर लाकडी ठोकळे बसवायचे. पण एकट्याला कुठलं जमतंय!

फाटकाशी एक माणूस थांबला. सुरगाण्याकडे सीटा भरून जीप नेणारा ड्रायव्हर होता. देवळात शिरावं तशा चपला काढून तो आत आला. बोल्ट ओठात धरायचा आणि ठोकळा सरकवण्याआधी, बैलाला थोपटावं तसं बॉडीला थोपटून ‘हां, हां’ म्हणायचा. नाव विचारायचं राहूनच गेलं.

दुपारी जीप ऐटीत उभी राहिली. मी कौतुकानं आईला बोलावलं. तिनं पाय उचलला, पण तो काही पोचेना. मी सगळं मोजलं होतं, आईचा पाय सोडून.

त्या ड्रायव्हरनं जीपच्या दाराशी एक गुडघा टेकला आणि दुसरा पुढे केला. “ठेवा पाय, आई. गाडी उंच केली तर डायवरनं वाकायचं असतं. आमच्याकडं समद्या म्हाताऱ्या अशाच चढत्यात.”

आई संकोचत चढली. माणसाला पाय लागला म्हणून तिनं वरूनच हात जोडले. तो लाजून हसला.

पुढे तिच्यासाठी मीच गुडघा टेकायचो. दर वेळी ती वर बसली की हात जोडायची.

“अगं, मला कसला नमस्कार करतेस?”

“तुला नाही रे,” ती म्हणायची, “त्याला.”