न चाखलेला दुधी

रोडपालीतल्या आमच्या इमारतीत तळमजल्याच्या घरामागे चार पावलांचं अंगण आहे. कळंबोलीच्या लोखंडबाजारातून सुटणाऱ्या ट्रकांची धूळ दुपारपर्यंत तिथल्या पानांवर उतरते, आणि सकाळी मी ती ओल्या फडक्याने पुसते. अर्ध्यावर कापलेल्या एका निळ्या पिंपात मी दुधी लावला होता. दोन वर्षं त्याने मला नुसतं झुलवलं. फुलामागे बोटभर फळ धरायचं, पिवळं पडायचं, गळायचं. तिसऱ्या उन्हाळ्यात मी स्वतःच मध्ये पडले. तिन्हीसांजेला पांढरी फुलं उमलली की नर फूल खुडायचं आणि मादी फुलाला अलगद टेकवायचं.

सासरे खुर्ची टाकून बघत बसायचे. "लग्न लावतेस की काय? अक्षता आणू?"

"आणा बाबा, पण आहेर पण आणा."

एक फळ तगलं. त्याच्या अंगावर तान्ह्या बाळाच्या कानामागे असते तशी लव होती. बाबा रोज त्याला वीत लावून बघत. हृदयासाठी चांगला म्हणून ते कित्येक वर्षं सकाळी दुधीचा रस घेत आले होते, आणि हा रस घरच्या दुधीचा असणार, हे आम्ही दोघांनी न बोलताच ठरवून टाकलं होतं.

त्या सकाळी मी देठ कापला. विळीवर पहिली चकती पडली तेव्हा हात क्षणभर थांबला. बाजारच्या दुधीची पहिली चकती मी नेहमी जिभेला लावून बघते. कडू दुधीचा रस माणसाच्या जिवावर उठतो, हे आईने मला विळीसमोर बसवून शिकवलं होतं. पण ज्या फळाची धूळ मी रोज पुसली, त्याची परीक्षा घेणं मला कृतघ्नपणाचं वाटलं. मी चकती इतर चकत्यांत टाकली. रस पोपटी निघाला, वर पांढरा फेस. बाबांनी पेला तोंडाला लावला, किंचित थांबले, आणि उरलेला रस एका दमात संपवला.

अर्ध्या तासाने न्हाणीघरातून आवाज आला. ते भिंतीला धरून उभे होते. उलटी थांबेना. तिसऱ्या उलटीत लाल रेष दिसली आणि माझ्या यजमानांनी गाडीची किल्ली उचलली. मागच्या सीटवर बाबांचं डोकं माझ्या मांडीवर होतं, कपाळ गार, घामाने चिकट. पनवेलच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की दर सिग्नलला मी त्यांच्या नाकाखाली बोट धरत होते.

वरचा रक्तदाब सत्तर होता. डॉक्टर तरुण मुलगी होती. सलाईन जोडता जोडता तिने विचारलं, "सकाळपासून काय घेतलंत आजोबा?"

"दुधीचा रस," मी म्हणाले.

तिचे हात थांबले नाहीत, पण मान वर झाली. "कडू होता?"

मला उत्तर माहीत नव्हतं. मी बाबांकडे पाहिलं.

"होता," ते म्हणाले. "कारल्यापेक्षा कडू."

"मग थुंकला का नाहीत?"

"घरचा होता."

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. यावर उतारा नसतो, डॉक्टर बाहेर येऊन म्हणाली. दाब वर यायची वाट बघायची. वेलाला उन्हाचा ताण बसला की असं होऊ शकतं, असंही ती म्हणाली. मला तो दिलासा नको होता. काचेपलीकडच्या यंत्रावरचा आकडा मी पाहत राहिले. अडुसष्ट. बहात्तर. पुन्हा सत्तर. माझ्या नखांत अजून हिरवा चीक होता. साबणाने तीनदा हात धुतले तरी त्याचा कच्चा, उग्र वास जाईना.

दुपार कलताना आकडा नव्वदावर गेला आणि तिथेच टिकला. मला आत सोडलं.

"बाबा, मी चाखला नव्हता."

त्यांनी डोळे उघडले. ओठ सुकून पांढरे पडले होते. "ते पहिल्या घोटालाच कळलं."

"मग ठेवायचात ना पेला!"

"तू दारात उभी होतीस." त्यांनी सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. "तुझी चूक नाही असं काही मी म्हणणार नाही. अर्धी तुझी, अर्धी माझी."

पलंगाच्या पायाशी उभे असलेले यजमान भडकले. "वाटण्या काय करताय? मरता मरता वाचलात तुम्ही!"

"हळू बोल," बाबा म्हणाले. "ती घाबरलीय."

मी त्यांचं मनगट धरलं. कातडी अजून गार होती, पण तिच्याखाली नाडी उडत होती, आता सारख्या अंतराने. नर्स येऊन मला बाहेर जायला सांगेपर्यंत मी ठोके मोजत राहिले.