गावंडे सरांच्या मापाची गाडी

गावंडे सर कुठल्याही लग्नाला गेले की आधी नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीपाशी जात. बोनेट दोन्ही हातांनी दाबून सोडत आणि गाडी किती वेळ हलते ते बघत बसत. फुलांचे हार सुटायचे, वऱ्हाडी ओरडायचे. सर म्हणायचे, "शॉकअप गेले याचे. नवरी परतवाड्यापर्यंत कशी जाईन बापा!" मगच ते पंगतीत बसत.

अमरावतीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते शिकवायचे. विद्यार्थ्यांच्या शर्यतीसाठी आम्ही गाडी बांधायला घेतली. सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगा आणि शॉकअप, मी करायचं आणि शर्यतीत गाडीही मीच चालवायची, असं ठरलं. ठरलं एवढंच. चाचणीला सर मला आत बसूच देत नसत.

"चाक निखळलं तर तुह्या मायले मी काय सांगू?" असं म्हणून हिवरखेड या गावी पोसलेला आपला अगडबंब देह ते स्वतः त्या चिमुकल्या गाडीत कोंबत. वळणावर गाडी एका अंगाला कलली की आम्ही आणखी कडक स्प्रिंगा घालायचो. शेवटी सर आतून ओरडले, "आता कशी मख्खन चालून राहिली!" आम्ही पेढे वाटले.

स्पर्धेच्या ट्रॅकवर सरावाला मी पहिल्यांदा गाडीत बसले. गाडी बेडकासारख्या उड्या मारत निघाली आणि पहिल्याच वळणावर गर्रकन फिरून उलट्या तोंडाने थांबली. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. स्प्रिंगा सरांच्या वजनाच्या होत्या, आणि मी त्यांच्या निम्मीसुद्धा नव्हते. मऊ स्प्रिंगा सोबत आणायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

सर पांढरेफटक पडले. "नाव मागं घेऊ. काडी लावा गाडीले."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. "सर, तुमी मले कधी बसूच नाही दिलं. आता तरी बसू द्या!"

सरांनी खाली वाकून माझा बेल्ट असा आवळला की माझा श्वास अडकला. "जाय. पण हळू जाजो, माय."

शर्यतीत मी खरंच हळू गेले. एकूण एक गाडी मला मागे टाकून गेली. कुंपणाच्या पलीकडून सर माझ्याबरोबर पळत होते, धापा टाकत, "ब्रेक! ब्रेक!" ओरडत. आम्ही शेवटून पहिले आलो, पण शर्यत पुरी केली.

पोरं नाचायला लागली. सरांनी गाडीकडे बघितलंही नाही. "पोरी, साबूत आहेस ना?" एवढंच विचारलं आणि तिथेच फतकल मारून ढसाढसा रडले.

सर आता नाहीत. मी गाड्यांची सस्पेन्शनंच करते. त्या शर्यतीत कितवी आलीस, हे मला अजून सगळे विचारतात; साबूत आहेस ना, हे फक्त सरांनी विचारलं.